आधीचं ओझं

मोरव्यात ओळखीच्या एका गाळ्यातल्या पोटमाळ्याचे लोखंडी कॉलम तळाशी गंजले होते. खाडीजवळची खारी हवा, दुसरं काय. मालक म्हणाला, "दोन्ही बाजूंनी प्लेटा मार, झालं." वेल्डर म्हणाला, "आधी माळा रिकामा करा." वर स्टीलच्या भांड्यांची खोकी होती. चार दिवस धंदा बंद कोण ठेवणार?

मी सिव्हिलवाला, म्हणून मला विचारलं. वेल्डरचं बरोबर होतं. भार डोक्यावर असताना कॉलमला प्लेट जोडली, तर ती फक्त त्यानंतर येणाऱ्या भारातला वाटा घेते. आधीचं ओझं जुन्या लोखंडावरच राहतं. जुना कॉलम मोडायला येईपर्यंत नवी प्लेट त्या ओझ्याला हात लावत नाही. शिवाय वेल्डिंगची आच असतेच. 600 अंश सेल्सिअसला लोखंडाची निम्मी ताकद जाते, म्हणून भाराखाली आडवा टाका मारायचा नाही. उभा, तुकड्यातुकड्याने, बाजू बदलत, थंड होऊ देत मारायचा. नाहीतर टेकू लावून, जॅकने माळा केसभर उचलून आधी कॉलम मोकळा करायचा.

न्यूयॉर्कच्या 59 मजली सिटीकॉर्प इमारतीत 1978 साली बोल्टच्या सांध्यांवर रात्री-रात्री जाड प्लेटा वेल्ड केल्या. दिवसा ऑफिसं चालू होती. लोकांना खरं कळलं ते 1995 मध्ये. ते लपवणं मला अजूनही पटत नाही. पण काम योग्य होतं, कारण भीती वादळाची होती आणि वादळ अजून यायचं होतं. न आलेल्या ओझ्यासाठी नुसतं जोडून घेणं पुरतं.

हे मी गाळ्यात समजावत होतो आणि डोळ्यांसमोर दादा येत होता. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्याने कर्ज काढलं, स्वतःचं शिक्षण सोडलं. नोकरी लागल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "दादा, आता मी आहे ना." तेव्हापासून लाइटबिल माझं, पुतणीची शाळा माझी, नवीन फ्रिज माझा. सगळं नंतरचं. कर्जाचा हप्ता अजून त्याच्याच पगारातून जातो. घरात सगळे म्हणतात, धाकट्याने हातभार लावला. मीही तेच म्हणायचो.

तो हप्ता मी घेतला तरी त्याची वर्षं परत येणार नाहीत, हेही खरं. आणि दुसऱ्याचं ओझं उचलायचं तर त्याने ते क्षणभर सोडायला हवं. दादाला ते जमत नाही. मोठेपणा म्हणा, सवय म्हणा.

गाळ्यातली खोकी शेवटी उतरवली. मालक दोन दिवस कुरकुरला. त्या रात्री मी दादाकडे कर्जाचं पासबुक मागितलं.

"कशाला?" म्हणाला. "जेवलास का?"

वहिनी उठली आणि कपाटाकडे गेली.