बोरिक पावडरची सावड

पावसाळ्यात मावळातल्या पवनानगरला उशिरा उजाडतं. तुंग आणि तिकोना हे गड ढगात गेलेले, धरणाचा पलीकडचा काठ दिसत नाही. अशा दिवसांत घराघरांतले कॅरम बाहेर निघतात. दमट हवेने सोंगट्या अडखळतात. मग चिमूटभर पावडर तळहाताने पसरायची, की स्ट्रायकर सुळकन पळतो.

ही पांढरी भुकटी म्हणजे बोरिक आम्ल. आम्ल पाण्यात हायड्रोजनचा आयन सोडतं, असं आपण शाळेत शिकलो. बोरिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजन तीन असतात, पण पाण्यात गेल्यावर त्यातला एकही ते सोडत नाही. मग हे आम्ल कसलं?

खोच बोरॉनमध्ये आहे. बंधासाठी त्याच्याकडे तीनच इलेक्ट्रॉन. तीन ऑक्सिजनांशी बंध जुळले तरी भोवती सहाच जमतात. आठ व्हायला एक जोडी कमी, आणि तिच्यासाठी एक कक्षक रिकामा. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे बंधात न गुंतलेल्या जोड्या असतात. त्यातली एक बोरॉन सामावून घेतो आणि पाण्याचाच हायड्रोजन आयन मोकळा होतो. द्रावण किंचित आम्लधर्मी होतं ते असं, घेण्यातून. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९२३ मध्ये व्याख्याच तशी केली: इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतं ते आम्ल, देते ती आम्लारी. याउलट, मिथेनमधल्या कार्बनभोवती आठ इलेक्ट्रॉन पुरे असतात. तिथे येणाऱ्या जोडीला जागाच नाही.

यातली मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. जोडी देणारा ऑक्सिजन ती गमावत नाही. बांधावरच्या सामाईक विहिरीसारखी ती दोघांची होते, आणि तोच त्यांच्यातला बंध.

मावळातल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. भाताच्या आवणीला घरचे हात कमी पडले की तो सावड मागतो. आज चार घरं याच्या खाचरात, उद्या हा त्यांच्या. मागताना कुणाची मान खाली जात नाही, कारण उणे हात प्रत्येकाच्याच घरी असतात. आपण मात्र देण्याचं कौतुक करतो आणि मागायची वेळ आली की तोंड लपवतो.

आज एखादं काम एकट्याने उरकत नसेल, तर शेजाऱ्याला तसं सांगा. सावड घ्या, आणि त्याची आवणी आली की न बोलावता जा.