ज्याचा गुन्हाच ठरला नाही, त्याची सुधारणा कसली?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कारागृह व सुधारसेवा या विषयाचा एक प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम केला. परभणीच्या उन्हात दुपारी बाहेर पडणे नकोच वाटते. पंख्याखाली बसून मोबाईलवर धडे ऐकत असू. मोहल्ल्यातली मंडळी हसली. "सर, अब जेलर बनते क्या?"

पहिल्याच धड्यात शिक्षेचे हेतू सांगितले होते: सूड, धाक, समाजाचे रक्षण आणि सुधारणा. बी.एड.ला शिक्षेविषयी जे पाठ केले होते, त्याचीच ही मोठी आवृत्ती. आपल्या राज्यातील खात्याच्या नावातही 'सुधारसेवा' हा शब्द आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे शिक्षा झालेले कैदी कुंपणाशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तीच. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलतो, हे तिथे दिसले.

पण पुढच्या धड्यातल्या आकड्यापाशी आम्ही थांबलो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा खटला अजून संपलेलाच नाही. मग यांच्यात सुधारायचे काय? गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी सुधारणा सुरू केली, तर गुन्हा गृहीतच धरला म्हणायचा.

आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा ठाऊक असतो. कैदेतला सोबती सुटला, बादशहाकडे त्यांचा विषय काढायला विसरला, आणि ते आणखी काही वर्षे आत राहिले. पुढे बोलावणे आले तेव्हा ते लगेच निघाले नाहीत; आधी आमच्या प्रकरणाची चौकशी करा, म्हणाले. लहानपणी हा सब्राचा धडा म्हणून आम्ही ऐकला, वर्गात तसाच सांगितलाही. आता वाटते, त्यात विसरणाऱ्याचा भागही तितकाच मोठा आहे. सुटका हवी, पण माफी म्हणून नको, हेही त्यात आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने ही आठवण ठेवण्याचे काम तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की अधीक्षकाने स्वतः न्यायालयाकडे अर्ज करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत; एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरीही हा लाभ नाही. कायदा चांगला आहे. पण आठवण ठेवणारा माणूस लागतो, आणि जामीनदार मिळवू शकणारे घरही लागते.

हे सगळे आम्ही परभणीत बसून शिकत होतो. याच शहरात १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. ते कायद्याचे विद्यार्थी होते. गुन्हा नोंदवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला जुलै २०२५ उजाडला. कोठडीत घेतलेला माणूस ही सरकारकडे ठेवलेली अमानत असते, असे आम्ही मानतो. तो कोणत्या जातीचा, कोणत्या मजहबचा, हा प्रश्न अमानतीत येत नाही. आपल्या बिरादरीतला मुलगा आत गेला की आपण जागे होतो आणि एरवी झोपतो, हे मात्र कबूल केले पाहिजे.

आमचा स्वतःचा हिशेबही बाकी आहे. काही वर्षांपूर्वी वर्गातून फीचे पैसे गेले. एका मुलावर संशय आला, का ते आज सांगता येणार नाही. बहुधा त्याचे कपडे. खरे निघेपर्यंत म्हणून त्याला दोन तास दाराबाहेर उभे केले. पैसे दुसऱ्याच मुलीच्या वहीत सापडले. आम्ही त्याला हाक मारली, "आ बेटा, बैठ जा." तो आला. पण पहिल्या बाकावरची त्याची जागा रिकामीच राहिली. तो मागे भिंतीजवळ जाऊन बसला, आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच बसत राहिला.