दैव, पुरुषार्थ आणि पिनबॉल

१९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉलला निव्वळ जुगार ठरवून मनाई केली, यंत्रे जप्त करविली व घणांनी फोडविली, तेव्हा ते अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही, कारण गोळी परतविणारे फ्लिपर शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९४७ मध्ये प्रथम बसविले. पुढे १९७६ साली कसलेले खेळाडू रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या समितीपुढे गोळी कोठून जाईल हे आधी सांगून ती तेथूनच नेली आणि मनाई हुकूम उठला. (एका फटक्याच्या साक्षीवर दैवाला बडतर्फ करणारी ती समिती मोठी श्रद्धाळूच!)

परंतु हा कज्जा खरा उलगडतो तो असले झिजलेले यंत्र घरी आणून प्रथमच दुरुस्त करावयास बसलेल्या नवशिक्यापुढे. काच काढताच त्याला पोलादी गोळीने घासून पाडलेला चर, कडक होऊन तडकलेली रबरी कडी आणि फळीखाली काजळी धरलेली स्विचची पाती दिसतात. म्हणजे खेळणाऱ्यांनी ज्या नशिबाला बोल लावला, त्याचा बराचसा तपशील येथे बोटाने चाचपता येतो.

वैशेषिकसूत्रांत चुंबकाकडे सुईचे सरकणे अदृष्टाच्या, म्हणजे न दिसणाऱ्या कारणाच्या, खाती जमा आहे; फ्लिपरखालच्या, विजेने चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची परीक्षा मात्र मीटरने होते. तरीही नवी कडी चढविल्यावर, गोळी सोडणारा दांडा तितकाच ओढूनही, गोळी दुसऱ्या खेपेस निराळ्याच वाटेने उतरते. ईश्वरवादी याला लीला म्हणतील. मी अजून न सापडलेल्या कारणाचा पक्ष घेतो, पण सगळी कारणे कधीकाळी सापडतील अशी हमी मागितल्यास माझ्याजवळ तिचा कसलाही दाखला नाही.