वाचलेली पावले

किवा सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने गोदामांसाठी बुटके, चाकांवर फिरणारे यंत्रमानव घडविले. जमिनीवरील खुणा वाचीत ते फडताळाखाली शिरतात, ते उचलतात आणि कामगारापुढे आणून उभे करतात. २०१२ साली ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलर्सना विकत घेतली; २०२५ साली आपल्या यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे तिने जाहीर केले. पूर्वी माणूस वस्तूकडे चालत जाई. आता वस्तू माणसाकडे येते.

यात वाईट ते काय? मोटेच्या जागी पंप आला तेव्हा शेतकरी सुखावलाच. परंतु मोट हाकणारा थांबला, की मोटही थांबे. येथे एक फडताळ हलताच दुसरे पुढे येते. पायांचे कष्ट वाचले, पण चालता चालता मिळणारा विसावाही गेला. आता कामाचा वेग यंत्र ठरविते.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या परिपत्रकात शिकविले, की कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसावरून ठरते. तेव्हा यंत्र किती वेगवान, एवढेच विचारून भागणार नाही. वाचलेल्या पावलांतून कामगाराला विश्रांती मिळाली काय? वाढलेल्या नफ्यात त्याचा वाटा आहे काय? ज्याचे काम गेले, त्याला नवे कौशल्य कोणी शिकविले?

आणि वाचकहो, मागविलेली वस्तू उद्याच दारात हवी, ही घाई आपलीच नाही काय? कोणाच्या तरी विसाव्यासाठी दोन दिवस थांबण्याची आपली तयारी आहे?