शिफारस: मत की साक्ष?

चढता समभाग एखाद्या विश्लेषकाच्या शब्दाने आणखी चढतो. तो शब्द केवळ मत मानावा, की साक्ष?

डिसेंबर १९९८मध्ये अमेरिकेतील विश्लेषक हेन्री ब्लॉजेट यांनी अ‍ॅमेझॉनचा समभाग ४०० डॉलरपर्यंत जाईल, असे भाकीत केले. तेव्हा भाव सुमारे २४० डॉलर होता. महिन्याभरातच ४००चा टप्पा ओलांडला गेला. तेवढ्या दिवसांत कंपनीचा व्यापार काही दुपटीच्या घरात गेला नव्हता. वाढली होती ती लोकांची अपेक्षा.

चढता भाव मध्येच खाली येतो, तेव्हाही कंपनीत दोष निघालेला असतोच असे नाही. आधी घेतलेले लोक नफा पदरात पाडून घेतात आणि विकणारे वाढले की भाव उतरतो. म्हणून केवळ चढ-उतार पाहून कंपनीची लायकी ठरवता येत नाही.

ब्लॉजेट पुढे मेरिल लिंचमध्ये गेले. तेथे ज्या समभागांची जाहीर भलामण होत होती, त्यांतील काहींना ते खाजगी ईमेलमध्ये टाकाऊ म्हणत, असे २००२मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी तपासातून पुढे आले. २००३मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता त्यांनी ४० लाख डॉलर भरले. रोखे व्यवसाय त्यांना कायमचा बंद झाला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘नज्श’ निषिद्ध ठरवला आहे. स्वतःला वस्तू घ्यायची नसताना इतरांना भुलवण्यासाठी बोली वाढवणे म्हणजे नज्श. विश्लेषक बोली लावत नाही. परंतु ज्यावर स्वतःचाच विश्वास नाही ते ‘घ्या’ म्हणून सांगणे त्याच जातीचे कृत्य आहे. प्रामाणिक अंदाज चुकणे वेगळे, कारण गैब केवळ अल्लाह जाणतो.

अडचण अशी की नियत बाहेरून दिसत नाही आणि भाव दोन्ही प्रकारच्या शब्दांनी सारखाच चढतो. दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करा, ही पवित्र कुरआनची (४९:६) शिकवण येथे खरेदीदाराला उपयोगी पडते. कंपनी काय विकते, तिच्यावर कर्ज किती, शिफारस करणाऱ्याचा लाभ कशात, हे आपण विचारले पाहिजे. ते न विचारता भाऊबंदांना ‘घ्या’ म्हणणारा स्वतःही साक्षीदार होतो आणि त्या साक्षीचा जाब त्यालाही द्यावा लागेल.