रिकामे घर

एका तालुक्याच्या गावी एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे अहवाल असले काम तिथे चाले. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्यावर विंडोज 98 आणि पेजमेकर. एक मुलगी त्यावर मजकूर जुळवायची आणि लेसर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायची. मग प्लेट होऊन काम ऑफसेटवर चढायचे.

त्याच छापखान्यात एक म्हातारे अण्णा होते. छपाईला अक्षरांचे खिळे होते तेव्हा ते जुळारी होते. खिळे गेले, अण्णा राहिले. आता ते प्रुफे वाचत आणि छापील कागदांच्या घड्या घालत. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

एका वर्षी गावच्या वाचनालयाची स्मरणिका छापायला आली. नेमका तेव्हाच प्रिंटर बंद पडला. मालकांनी शहरातून एक वापरलेला प्रिंटर आणला. पहिले पान निघाले आणि अण्णांनी मथळ्यावर बोट ठेवले. ‘विश्वस्त मंडळ’ हवे होते, छापले होते ‘विवस्त मंडळ’. खाली ‘निश्चय’चा ‘निचय’ झाला होता. अर्धा श कुठेच उमटला नव्हता. पडद्यावर मात्र सगळे शब्द बरोबर दिसत होते.

मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो मेहनती होता. त्याने टोनर बदलला, केबल बदलली, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. मग जवळच्या सीडीवरून त्याच नावाचा फॉन्टही नव्याने टाकला. संध्याकाळी पाहिले तर अर्धा श आलाच नव्हता, आणि आता पडद्यावरची जोडाक्षरेही विस्कटली होती. सीडीवरचा फॉन्ट निराळ्या आवृत्तीचा होता, त्यातली अक्षरे निराळ्या जागी बसवलेली होती.

“हे आता कशानं झालं?” मालकांनी विचारले.

दुरुस्तीवाला गप्प राहिला. एका दिवसात इतके बदलले होते की कशाने काय झाले ते कोणालाच सांगता येईना. “नवा संगणकच घ्या,” असे सांगून तो गेला.

अण्णा मुलीजवळ स्टूल ओढून बसले. “बाळ, तुझ्या या यंत्रात अक्षरं ठेवलेली कशी असतात?”

मुलीने सांगितले, “अण्णा, प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. 0 ते 255, असे 256. पहिले 32 यंत्र स्वतःच्या कामाला ठेवतं. बाकीचे मुळात इंग्रजी आणि तसल्या युरोपीय भाषांसाठी. आपल्या फॉन्टवाल्यांनी त्याच नंबरांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरं बसवली.”

“म्हणजे आमची खिळ्यांची केसच की!” अण्णा म्हणाले. “प्रत्येक खिळ्याला आपलं घर. मग आधी रिकामं घर कोणतं, ते बघू.”

मुलीने सीडीवरचा फॉन्ट काढला आणि जुना परत बसवला. जोडाक्षरे जागेवर आली, उरला फक्त तो श. मग तिने एक कोरे पान घेतले. ऑल्ट दाबून धरायचे, आकड्यांच्या पट्टीवर 0033 दाबायचे, उमटेल त्या अक्षराशेजारी त्याचा नंबर लिहायचा. मग 0034, मग 0035. असे करत ती 255 पर्यंत गेली आणि ते पान छापले. अण्णांनी भिंग घेतले. एकेका नंबरावरून त्यांचे नख सरकत गेले. 171 होते, 172 होते. 173 पुढे कोरा कागद होता.

173 हा आकडा साधा नव्हता. पश्चिम युरोपीय भाषांसाठी 1987 साली आयएसओ 8859-1 हा तक्ता ठरला, त्यात ही जागा ओळीच्या शेवटी शब्द तुटला तरच दिसणाऱ्या जोडरेघेला दिलेली होती. फॉन्ट करणाऱ्याने तिथे आपला अर्धा श बसवला. जुन्या प्रिंटरने कधी हरकत घेतली नाही. या प्रिंटरच्या ड्रायव्हरने तक्ता पाळला आणि ती जागा सोडून दिली.

मुलीने ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘ट्रूटाइप अक्षरे ग्राफिक्स म्हणून छापा’ अशा अर्थाचा पर्याय शोधला. तेवढी एकच खूण केली, दुसरे काही हलवले नाही, आणि तेच पान पुन्हा छापले. 173 पुढे अर्धा श उभा होता. अक्षरे आता चित्र होऊन जात होती, नंबर विचारला जात नव्हता. एकेक पान निघायला फार वेळ लागे, म्हणून दोघे रात्रभर बसले. 1991 साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती, पण छापखान्याचे पोट अजून जुन्या फॉन्टवर आणि जुन्या फायलींवर होते.

दुरुस्तीवाल्याने कष्टात कसूर केली नव्हती. पण त्याचे सगळे कष्ट उपायांवर गेले, नेमके काय हरवले आहे हे त्याने विचारलेच नाही. अण्णांना यंत्र कळत नव्हते. मात्र हरवलेल्याचा पत्ता आधी काढायचा, हे ते आयुष्यभर करत आले होते. पत्ता मिळाला तेव्हा उपाय एका खुणेएवढा निघाला.

स्मरणिका वेळेवर गेली. पुढे दुरुस्तीवाला बिल घ्यायला आला, तेव्हा मुलीने त्याला ते पान दाखवले. त्याने ते दोनदा पाहिले आणि एक प्रत मागून घेतली. शेजारच्या गावातल्या एका छापखान्यात अशीच तक्रार आली होती. तिथे त्याने टोनरला हात लावण्याआधी असेच पान छापले. दोन घरे रिकामी निघाली, 160 आणि 173.