माझ्या हातात काही नाही

स्टीफन फ्रिअर्स यांचा ‘डेंजरस लिएझन्स’ (१९८८) हा माझा आवडता चित्रपट. शोदेर्लो द लाक्लो या फ्रेंच तोफखान्यातील अधिकाऱ्याने १७८२ साली प्रसिद्ध केलेल्या पत्ररूप कादंबरीवर तो आधारलेला आहे. राज्यक्रांतीच्या थोडे आधीचे हे पॅरिसचे उमराव. त्यांना काम नाही, पैशाची ददात नाही; दुसऱ्याचे मन जिंकायचे आणि मोडायचे, हाच खेळ.

त्यातला एक प्रसंग मनातून जात नाही. वाल्मों हा उमराव मादाम द तूर्वेल या धर्मनिष्ठ विवाहितेला पैजेखातर वश करतो आणि करता करता स्वतःच तिच्यात गुंततो. त्याची पूर्वीची प्रेयसी मार्कीज द मर्तेई त्यावरून त्याला डिवचते. ते सहन न होऊन तो तूर्वेलशी संबंध तोडायला जातो. ती कारण विचारते. तो पुन्हा पुन्हा एवढेच सांगतो की, हे आपल्या हातात नाही.

ज्याने मोलकरणीला धाकात घेऊन पत्रे मिळवली, कोवळ्या सेसिलच्या खोलीची किल्ली मिळवली, त्याच्या हातात काही नाही? संताप येतो. पण विचार केला तर ते अगदीच खोटेही नाही. आपले हसे होईल या भीतीपुढे त्याचे प्रेम खरोखरच हरलेले असते. मग त्याला दोष द्यावा का?

ॲरिस्टॉटलने दारू पिऊन अपराध करणाऱ्याविषयी म्हटले आहे की, त्या क्षणी तो शुद्धीत नसेल, पण न पिणे त्याच्या हातात होते. वाल्मोंचा अहंकार असाच, वर्षानुवर्षे त्यानेच पाजून वाढवलेला.

मर्तेईचा प्रश्न अधिक अवघड आहे. तिच्या जगात स्त्रीला सत्ता मिळण्याचा सरळ मार्गच नव्हता. हसरा चेहरा न ढळू देता टेबलाखाली स्वतःच्या हातात काटा खुपसण्याचा सराव तिने केला होता. तिचा राग रास्त आहे. पण तो बरसतो कुणावर? सेसिल आणि तूर्वेल यांच्यावर. तिच्यासारख्याच कोंडलेल्या, तिचे काहीही न बिघडवलेल्या स्त्रियांवर. अन्याय आपल्याला कठोर का बनवतो हे समजते. त्या कठोरपणाचा बळी कोण, हे मात्र आपणच ठरवलेले असते.

हे वाक्य आपल्याही कानांवर रोज पडते. फाइल अडवणारा साहेब म्हणतो, मुलीचे शिक्षण थांबवणारा बाप म्हणतो, कधी आपणही म्हणतो. अशा वेळी आज हातात काय आहे, एवढेच पाहून चालणार नाही. काल काय होते आणि ते कुणी सोडून दिले, हेही विचारायला हवे.